दुसरी बाटली

निशाणावर दोन बायका होत्या, एकमेकींचा हात धरून उभ्या. डावीकडच्या बाईच्या चेहऱ्यात सात रंगांच्या टिकल्या होत्या: फिका गुलाबी, गडद गुलाबी, मोतिया, जर्दाळूच्या सालीचा, सोनेरी, हनुवटीखालच्या सावलीला राखी, आणि ओठांना लाल. डोळे निळे, तेही धरले तर आठ. उजवीकडच्या बाईच्या चेहऱ्यात एकच रंग होता, काळा, आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे मणी. भिंतीवर अशी अकरा निशाणं होती, पण लोक थांबत होते ते याच एकासमोर. ओडलीन प्रदर्शनाच्या दालनाच्या दारात उभी राहून ते निशाण पहिल्यांदाच लांबून बघत होती.

तीन महिने ते तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. लाकडी चौकटीवर ताणलेलं गोणपाट, खालून सुई वर, टिकली, टिकलीवर बारीक मणी, सुई पुन्हा त्याच भोकातून खाली. काळ्या चेहऱ्यात रंग एकच असला तरी ओळी एका दिशेच्या नव्हत्या. गालाचं हाड वर येतं तिथे तिने ओळी वळवल्या होत्या, नाकाच्या दांडीवर टिकल्या दाट, एकमेकींवर चढवून बसवल्या होत्या. घरी दिव्यापुढे चौकट जराशी कलती केली की तो चेहरा जागा व्हायचा, तिच्या आईसारखा दिसायचा. इथे छतातून सरळ खाली पडणारा पांढरा उजेड होता. काळ्या टिकल्यांनी तो सगळीकडून सारखाच परत फेकला होता. नाक नव्हतं, गाल नव्हता. सात रंगांच्या बाईने एका भोकाचा हात धरला होता.

हातात पेला घेतलेल्या एका पाहुणीने चित्रकार मारितला, निशाणातल्या डावीकडच्या गोऱ्या बाईला, विचारलं, ही काळी देवी कोणती. मारितने ओडलीनच्या खांद्यावर हात टाकून तिला पुढे ओढलं आणि म्हणाली की देवी नाही, ही माझी कोमे, माझ्या धर्मकन्येची आई, ओडलीन, ही आणि मी. पाहुणीने ओडलीनकडे पाहिलं, मग निशाणाकडे, मग पुन्हा ओडलीनकडे. "हो का?" ती म्हणाली. "मला वाटलं, ती तुमची सावली दाखवलीय." मारित हसली. पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हसतात तसं. एवढंच झालं. नंतर अक्र्याच्या, म्हणजे अळूच्या कंदाच्या, गरम भज्यांची ताटं फिरली आणि ओडलीनने दोन खाल्ली.

पेत्यॉनव्हिलहून खाली आपल्या बेल-एअर वस्तीला येणाऱ्या टॅपटॅपमध्ये, रंगीबेरंगी वडाप गाडीत, तिने आपला उजवा हात खिडकीच्या चौकटीवर ठेवला. ऊन कलतं होतं. कोपराच्या वरच्या बाजूला तांबं होतं, मनगटाकडे भाजलेली कॉफी, बोटांच्या पेरांवर जांभळं, नखांखाली गुलाबी. तिने नव्याने काही शोधलं नव्हतं. बेल-एअरमध्ये निशाणं शिवणाऱ्या कोणत्याही अंगणात पोरीबाळींना हे ठाऊक असतं. काळा चेहरा काळ्या टिकल्यांनी कुणी भरत नाही. काळं हे टोपीला, कोंबड्याला, शवपेटीला. मारितने गोणपाटावर पेन्सिलीने चित्र काढून दिलं तेव्हा ओडलीनने चटईवर तांबड्या, कॉफीच्या, वाइनच्या आणि गडद जांभळ्या टिकल्यांच्या चार वाट्या मांडल्या होत्या. मारित त्यांच्याकडे बघत राहिली होती. मग तिने ओडलीनचे दोन्ही हात हातात घेतले आणि फार हळू आवाजात विचारलं, "तू स्वतःला उजळ का करतेस, कोमे? काळं काळंच असू दे. लपवू नकोस." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण काही लपवतोय असं ओडलीनला वाटलं नव्हतं. पण समोरचं माणूस रडत असताना आपण लपवत नव्हतो हे सिद्ध कसं करायचं? तिने वाट्या डब्यात रिकाम्या केल्या. त्याच आठवड्यात मारित खिडकीशी बसून स्वतःच्या हातावर एकेक टिकली ठेवून बघत होती, ही नको, ही जास्त पिवळी, ही चालेल, आणि ओडलीन तिला रंग पुरवत होती. ओडलीनच्या हातावर टिकली ठेवून कुणी पाहिली नव्हती. तिने स्वतःही नाही.

आणि तरी ही तीच मारित होती. ओडलीनच्या पोरीच्या, जेसुलाच्या, बाप्तिस्म्याला तिने बाळ हातावर घेतलं होतं आणि त्या दिवसापासून दोघी एकमेकींना कोमे म्हणत होत्या, पोरीची आई आणि पोरीची धर्ममाता. ओडलीन विषमज्वराने पडली तेव्हा मारितने नळावरून डोक्यावर बादली वाहून पाणी आणलं होतं. अर्धी बादली वाटेत सांडायची आणि गल्लीतली माणसं दारात उभी राहून म्हणायची, ब्लान, ए गोरे, आधी मान बसव मग बादली. ती हसत पुन्हा जायची. तिने ओडलीनची ओकारी धुतली होती, एकाच खाटेवर झोपली होती. ताप उतरल्यावर अशक्तपणात माणूस बडबडं होतं, तसं ओडलीनने तिला नको ते सगळं सांगितलं: नवऱ्याचं, आईचं, आणि पुजारीण माम्बो लामेर्सीच्या मांडवातल्या दोन बाटल्यांचं. बाटल्यांचं ऐकून मारित इतकी हसली की खाटेची पट्टी तुटली.

त्या बाटल्या गेदेच्या. गेदे म्हणजे मेलेल्यांचा मालक, नाकात बोलणारा, चावट, खादाड. तो ज्याच्या अंगात येतो त्याला तिखट लागत नाही. एकवीस जहाल बकरी-मिरच्या ठेचून कच्च्या दारूत वर्षानुवर्षं मुरवत ठेवलेल्या असतात. गेदे ती बाटली तोंडाला लावतो, मग तळहातावर ओतून तोंड धुतो, डोळे धुतो, आणि हसतो. सोंग घेतलेला माणूस तिथेच उघडा पडतो. पण दर नोव्हेंबरला मांडवात पाहुणेही यायचे, आणि ढोल ऐकून त्यातल्या एखाद्याचे पाय आपोआप नाचायला लागायचे, नाकातून आवाज निघायचा. अशाला सगळ्यांसमोर रडवणं लामेर्सीला बरं वाटत नसे. म्हणून दुसरी बाटली होती. तिच्यात पाणी, घोटभर दारू, आणि बिया काढून दहादा धुतलेल्या मिरच्या तरंगायला. पाहुण्यांची बाटली. दोन्ही बाटल्यांना टिकल्यांचे अंगरखे ओडलीननेच शिवले होते, जांभळे, मधे पांढरी कवटी, हुबेहूब सारखे. फरक एकच: खऱ्या बाटलीच्या गळ्याशी टिकल्यांची एक ओळ उलटी शिवली होती, खरखरीत बाजू वर. डोळ्यांना दिसायचं नाही, अंगठ्याला कळायचं. हे तिघांना माहीत होतं, लामेर्सीला, ढोल वाजवणाऱ्या सेनाटसला आणि ओडलीनला. आणि मारितला.

प्रदर्शन लागल्यानंतर दोन दिवसांत गेदेचा सण आला. सकाळी सगळे कबरस्तानात जाऊन आले, तोंडाला पिठाचा पांढरा थर, अंगावर जांभळं-काळं. दुपारी लामेर्सीच्या मांडवात मधल्या खांबाभोवती मक्याच्या पिठाने क्रूस आणि शवपेट्या रेखल्या गेल्या. पत्र्यावर ऊन तापत होतं, खाली घामाचा, कॉफीचा आणि खारवलेल्या माशाचा वास. ओडलीनकडे दरवर्षीप्रमाणे बाटल्या होत्या. ती खांबाला टेकून बसली होती आणि डोळ्यांपुढून ते निशाण जात नव्हतं. ते घरी घेऊन यावं आणि काळ्या टिकल्या एकेक कापून काढाव्यात, असा विचार तिने दोन दिवसांत कितीदा केला होता. पण ते विकलं गेलं होतं. कोणाच्या तरी भिंतीवर, कोणत्या तरी थंड देशात, ती आता कायमची सावली म्हणून टांगली जाणार होती, आणि ती सावली तिने स्वतःच्या हाताने, टाका न चुकवता, शिवली होती.

मारितने पांढरा सदरा घातला होता. ती नाचत होती, बरी नाचायची. मग तिचं अंग ताठ झालं, मान मागे गेली, ती दोन पावलं अडखळली. बायकांनी सवयीने हात पुढे केले. ती सरळ झाली तेव्हा कंबर गेदेसारखी हलत होती आणि नाकातून आवाज येत होता. म्हाताऱ्या नवऱ्यांच्या विजारीबद्दल तिने काहीतरी अचकट म्हटलं. उच्चार चुकला होता, पण विनोद बरा होता. मांडव हसला. सेनाटस ढोल न थांबवता म्हणाला, "बघा, या गेदेला व्हिसा लागला नाही." पुन्हा हसू. त्यात दुष्टावा नव्हता. आपल्या घरच्या पोराने पाहुण्यांसमोर गाणं म्हटलं की हसतात तसं. सगळ्यांना कळलं होतं. ओडलीनला तर आधीच. अडखळतानासुद्धा मारितने पिठाची आकृती ओलांडली होती, एका रेषेवरही पाय पडू दिला नव्हता. देव ज्याच्यावर बसतो त्याला पायाखालचं दिसत नाही. मारितला दिसत होतं. आयुष्यभर तिने रेषांकडेच पाहिलं होतं. पण ती खोटं करत होती असंही म्हणवेना. तिच्या चेहऱ्यावर कसलीतरी भूक होती, बंद दारावर थाप मारणाऱ्या माणसासारखी, आणि इथे आल्यापासून आठ वर्षं ती थाप मारत होती हे ओडलीनइतकं कुणाला ठाऊक होतं?

मारितने नाकातल्या आवाजात बाटली मागितली. लामेर्सीने खुर्चीतून ओडलीनकडे पाहिलं आणि ओठ किंचित डावीकडे वळवले. डावीकडे पाहुण्यांची बाटली होती. ओडलीनने दोन्ही गळ्यांवर अंगठे ठेवले. डावा गुळगुळीत. उजवा खरखरीत. तिला राग आला नव्हता. नंतर तिने पुष्कळदा आठवून पाहिलं, राग कुठे होता का. छातीत नव्हता, हातात नव्हता. होती ती एक स्वच्छ उत्सुकता. तुला आत यायचंय ना? ही आतली. आपल्यालाही सात रंग मिळावेत म्हणून कुणी वाट्या मांडल्या असत्या तर कसं वाटलं असतं, असलं काहीतरी तिच्या मनात होतं, आणि त्याचा या बाटलीशी काय संबंध ते तिला सांगता आलं नसतं. ती उठली आणि तिने उजवी बाटली पुढे केली.

मारितच्या हातात बाटली आली तेव्हा तिची बोटं गळ्याभोवतीच होती. अंगठा एकदा फिरवला असता तर पुरे होतं. तिने फिरवला नाही. तिने ओडलीनकडे पाहिलं. ती नजर गेदेची नव्हती. ती खाटेच्या तुटलेल्या पट्टीवर बसून हसणाऱ्या बाईची होती, आणि ती विचारत होती, दुसरीच ना?

ओडलीनने मान हलवली. हो.

मारितने तळहात भरून ओतलं आणि दोन्ही डोळ्यांवर मारलं, दणकून, अजिबात न बिचकता. ढोल आणखी थोडे वाजले. ती उभी होती. तिचं तोंड उघडलं, पण आवाज यायला वेळ लागला, आणि आला तो नाकातून नव्हता. सेनाटसचे हात थांबले. ती गुडघ्यांवर पडली आणि मुठींनी डोळे चोळायला लागली, बिया आणि सालं पापण्यांखाली रगडत. ओडलीनच पहिल्यांदा धावली. तिने तिचे हात धरले, चोळू नको, चोळू नको म्हणाली, दूध ओतलं, पाणी ओतलं, आपल्या परकराने पुसलं. हे सगळं तिने मनापासून केलं. लामेर्सी खुर्चीतून उठली नाही. गर्दी पांगल्यावर तिने ओडलीनला जवळ बोलावलं आणि फक्त विचारलं, "हात चुकला का, पोरी?" ओडलीन म्हणाली, चुकला. लामेर्सीने तिच्याकडच्या दोन्ही बाटल्या काढून घेतल्या. पुढे तिने त्या परत कधी दिल्या नाहीत.

संध्याकाळी मारित ओडलीनच्या खाटेवर पडली होती, डोळ्यांवर तुळशीच्या पाल्याच्या ओल्या घड्या. पापण्या सुजून एकमेकींना चिकटल्या होत्या. चेहरा लाल, गुलाबी, जागोजाग पांढरा. टिकल्यांनी भरायचा तर सात रंग पुरले नसते. ओडलीन वाट बघत होती की ती आता विचारेल, तू मान का हलवलीस. तिने उत्तरही तयार ठेवलं होतं, आणि ते खरं होतं. ती वाट्यांपासून सुरुवात करणार होती.

मारितने हात चाचपडत तिचं मनगट पकडलं. "बाटल्या बदलल्या गेल्या, हो ना. तुझी चूक नाही, कोमे. गडबड किती होती." मग थोड्या वेळाने, लहान मुलीच्या आवाजात: "एक विचारू? खरं सांगशील? क्षणभर तरी आला होता ना तो? मी ओतलं तेव्हा सुरुवातीला काहीच झालं नाही. अगदी थंड वाटलं. तेवढ्यापुरता तरी?"

ओडलीनने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. थंड वाटलं ती दारू होती. दारू आधी थंडच लागते, हे तिला शाळेत न जाताही माहीत होतं. आठ वर्षांत मारितने तिला पुष्कळ विचारलं होतं, कोणत्या देवाला कोणता रंग, कोणत्या आकृतीला किती टोकं, आणि प्रत्येक उत्तर ताडून बघायला दुसरी माणसं होती. हा पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर फक्त ओडलीनकडे होतं. तयार ठेवलेलं उत्तर तिच्या जिभेवरून खाली उतरलं. तिला खरोखर दया आली. दया आल्याचं तिला नवल वाटलं, आणि त्या नवलात ती म्हणाली, "आला होता."

मारितच्या चिकटलेल्या पापण्यांमधून पाणी आलं. ती हसली.

दुसऱ्या दिवशी ओडलीनने दवाखान्याचं नाव काढलं, तेव्हा मारितने नकारार्थी मान हलवली. तो येऊन गेला असेल तर इजा व्हायची नाही. ज्याच्यावर बसतो त्याला तो मोडत नाही, हे तूच सांगितलंस. आता डॉक्टरकडे जाणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. ती हे आनंदाने सांगत होती. इतक्या वर्षांत ओडलीनने तिला असं निवांत पाहिलं नव्हतं. ती अंधारात पडून गुणगुणायची, घेवडा-भात मागून खायची, शेजारच्या बायका आल्या की नाकात बोलून त्यांना हसवायची. ओडलीनला रोज सकाळी एकच वाक्य बोलायचं होतं. आला नव्हता. दोनच शब्द. ते बोलले की मारित उठून दवाखान्यात गेली असती. पण मग पुढचं वाक्य आलं असतं, मग त्याच्या पुढचं, आणि शेवटी ती हललेली मान आली असती. ओडलीन पाला बदलत राहिली. उजवा डोळा निवळत गेला. डावा निवळला नाही. बुबुळावर एक पांढरा ठिपका दिसला, सगळ्यात लहान टिकलीच्या भोकाएवढा. तिने तो पाहिला आणि मारितला म्हणाली, सूज उतरतेय. रविवारपर्यंत ठिपका टिकलीएवढा झाला, कडा पिवळसर, आणि मारितला उजेड सहन होईना. ती रात्रभर दात आवळून पडायची आणि सकाळी विचारायची, "तो असंच करतो ना, जाता जाता?" ओडलीन म्हणायची, असंच करतो.

शेवटी मारितला उलट्या व्हायला लागल्या तेव्हा सेनाटसने टॅपटॅप थांबवली आणि दोघींना आत ढकललं. उतरताना तो ओडलीनला म्हणाला, "उलटी ओळ तूच शिवलीस ना गं?"

डॉक्टर तरुण होता, जेरेमी गावाकडचा, बारीक आवाजाचा. त्याने विचारलं, इतके दिवस कुठे होतात. मारित काही बोलायच्या आत ओडलीन म्हणाली, घरी. त्याने दोघींकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. औषधाचे थेंब तासातासाला घालायचे होते. ओडलीनने घातले, दिवसाही, रात्रीही, एकही न चुकवता. जंतुसंसर्ग गेला. जखम भरली. बुबुळाच्या बरोबर मध्यावर व्रण राहिला आणि तो आता जाणार नाही, असं डॉक्टरने सांगितलं, तेव्हा मारितने कुठे, किती मोठा, कोणत्या आकाराचा, असं सगळं विचारून घेतलं आणि मान डोलावली.

डिसेंबरमध्ये त्याने शेवटची तपासणी केली. खोलीत भिंतीला अक्षरांचा तक्ता होता, जमिनीवर रंगाने आखलेल्या खुणा. मारित स्टुलावर बसली. उजव्या डोळ्याने तिने वरून पाचवी ओळ वाचली. मग त्याने उजवा डोळा झाकला आणि डाव्याला तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर विचारलं. मारित म्हणाली, कुठाय तक्ता? डॉक्टरची परिचारिका बाहेर गेली होती. त्याने ओडलीनला मारितच्या सगळ्यात जवळच्या खुणेवर उभं राहून बोटं दाखवायला सांगितलं, आणि मी सांगेन तशी मागे जा म्हणाला.

ओडलीन खुणेवर उभी राहिली. तिने हात वर केला. मारित हसली, तिच्या बाजूला तोंड करून, जरासं चुकीच्या ठिकाणी.

"किती?" डॉक्टरने विचारलं.

"तीन."

तीनच होती. त्याने ओडलीनला मागच्या खुणेवर जायला सांगितलं. तिने या वेळी दोन बोटं धरली. मारित बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "काहीतरी हलतंय."

डॉक्टरने कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. डावा डोळा: एक मीटरवरून बोटं मोजता येतात. दोन मीटरवरून नाहीत.